माळ्यावरच्या ट्रंकेतले संगीत: जुन्या तबकड्या आणि कॅसेटी तपासण्याची रीतसर पद्धत

नाशिकच्या भद्रकाली, पंचवटी आणि रविवार कारंजा परिसरातील जुने वाडे पुनर्विकासासाठी उतरवले जाऊ लागल्यापासून अनेक कुटुंबांच्या माळ्यांवरचे सामान पहिल्यांदाच खाली येत आहे. त्या सामानात पत्र्याच्या एखाद्या ट्रंकेत लाखेच्या तबकड्या, लाँग प्ले रेकॉर्डी, कॅसेटी आणि क्वचित स्पूलच्या, म्हणजे उघड्या चकत्यांवर गुंडाळलेल्या, फितीही निघतात. वाजवायला यंत्र नसते, नव्या सदनिकेत जागा नसते आणि आत काय आहे हे सांगू शकणारी माणसे बहुधा हयात नसतात. म्हणून ही ट्रंक जशीच्या तशी भंगारवाल्याकडे जाते, किंवा घरातले कोणीतरी उत्साहाने सगळे धुऊन, पुसून, गायकांच्या नावांप्रमाणे लावून ठेवते. दोन्हींत नुकसान आहे, आणि दुसऱ्या प्रकारातले नुकसान तर लक्षातही येत नाही.

दुकानातून विकत आणलेल्या तबकडीच्या शेकडो प्रती निघालेल्या असतात, त्यामुळे ती आणखी कोणाकडे तरी सापडते. घरात भरलेली कॅसेट मात्र एकच असते. नाशिकसारख्या शहरात याला विशेष महत्त्व आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात येथेच रामनाम आधार आश्रम उभारला. काळाराम मंदिरातील वासंतिक नवरात्राची कीर्तने आणि गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमाला यांना पिढ्यानपिढ्या श्रोते लाभले. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर येथे राहिले, बोलले. अशा शहरात टेप रेकॉर्डर घेऊन पुढच्या रांगेत बसणारा एखादा रसिक असणारच, आणि त्याच्या कॅसेटवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेले नसते. म्हणून या लेखातील पद्धतीचा सगळा भर अशा अनामिक वस्तू हातून निसटू नयेत यावर आहे. बाजारात किंमत येईल अशी तबकडी शोधण्याच्या मागे लागलेला माणूस नेमक्या याच वस्तू बाजूला टाकतो.

हात लावण्यापूर्वी

ट्रंक उघडल्यावर पहिले काम छायाचित्रे काढण्याचे आहे. झाकण उघडल्यावर वरून एक, प्रत्येक थर काढल्यावर एक, आणि प्रत्येक वस्तूची पुढची, मागची व कडेची बाजू, इतकी छायाचित्रे भ्रमणध्वनीवर सहज निघतात. वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या होत्या तो क्रमच एक पुरावा असतो. कोऱ्या लेबलची कॅसेट मुंजीच्या फोटोंच्या पाकिटाला लागून ठेवलेली असेल, तर ती त्याच समारंभाची असण्याची शक्यता मोठी. वेगळ्या डब्यात गेली की हा धागा तुटतो आणि पुन्हा जोडता येत नाही.

त्यानंतर एक वही घ्यावी आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. क्रमांक वस्तूवर थेट न लिहिता, मऊ पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी वेष्टनात ठेवावी. बॉलपेनचा दाब तबकडीच्या खाचांपर्यंत पोचतो आणि चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पाझरतो. वहीत क्रमांक, वस्तूचा प्रकार, लेबलवरील संपूर्ण मजकूर जसाच्या तसा, हस्ताक्षर असल्यास कोणाचे, स्थिती आणि वस्तू कुठे सापडली, एवढ्या नोंदी कराव्यात. लेबलवरचे शुद्धलेखन सुधारू नये. चुकीचे वाटणारे नाव कधी कधी त्या काळातील प्रचलित रूप असते आणि पुढे शोध घेताना तेच उपयोगी पडते.

वेष्टने रिकामी समजून फेकू नयेत. त्यांत चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, दुकानाच्या पावत्या, कार्यक्रमाची तिकिटे, कधी एखादे पत्रही सापडते. तबकडी आणि तिचे वेष्टन यांची अदलाबदल झालेली असणे तर अगदी नेहमीचे आहे. त्यामुळे वेष्टनावरचे नाव वाचून निर्णय न घेता प्रत्येक तबकडी बाहेर काढून तिचे स्वतःचे लेबल वाचावे. लेबलवर तेलरंगाने किंवा शाईने एखाद्या व्यक्तीचे अथवा मंडपवाल्याचे नाव रंगवलेले असेल, तर ती तबकडी लग्नकार्यात लाउडस्पीकरवर वाजवण्यासाठी भाड्याने फिरलेली असावी. तिची झीज जास्त असेल, पण शहरातल्या लग्नांत कोणते संगीत वाजत होते याची ती साक्ष आहे आणि तो रंग खरवडून काढू नये.

तबकडी कशी वाचावी

जड, कडक, मंद चमक असलेली आणि पडताच फुटणारी तबकडी लाखेची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची असते. हलकी, किंचित लवचीक आणि बारीक खाचांची तबकडी व्हिनाइलची असते. खात्री करण्यासाठी ती वाकवून पाहू नये. वजन आणि खाचांची रुंदी पाहिली तरी पुरते. दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे आणि बारा इंची तबकडीवर साडेचार मिनिटांच्या आसपास संगीत मावते. लाँग प्ले तबकडी अमेरिकेत १९४८ मध्ये आणि ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी १९४९ मध्ये आली. भारतात मात्र लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. त्यामुळे लाखेची तबकडी दिसली की ती फार जुनी असेलच असे धरून चालू नये.

ग्रामोफोन कंपनीने भारतातील पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात केले आणि त्यात गौहर जान यांचा आवाज होता. त्या काळातील तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत आणि त्या एकाच बाजूला मुद्रित असत. कोलकात्यात कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. तेव्हा एका बाजूला खाचा नसलेली तबकडी मिळाली, तर ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील असण्याची दाट शक्यता आहे आणि ती घरी वाजवण्याचा प्रयत्नही करू नये. त्या काळातील अनेक कलाकार गाणे संपताना स्वतःचे नाव उच्चारत, कारण परदेशातील कारखान्यात आपली भाषा जाणणारे कोणी नव्हते आणि तबकडी कोणाची हे ओळखण्याचा तो एक उपाय होता. लेबल झिजून गेलेल्या तबकडीचे शेवटचे काही क्षण म्हणूनच फार लक्षपूर्वक ऐकावेत.

लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधील गुळगुळीत पट्टीवर आकडे आणि अक्षरे कोरलेली असतात. हा मुद्रणाचा क्रमांक होय. लेबलवर छापलेला क्रमांक त्या प्रकाशनाचा असतो, तर कोरलेला क्रमांक प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा असतो. एकच गाणे पुढे दुसऱ्या लेबलखाली निघाले, तरी कोरलेला क्रमांक सहसा तोच राहतो. दोन्ही क्रमांक वहीत स्वतंत्र रकान्यांत लिहावेत. प्रकाश तिरपा पाडला की पुसट आकडेही वाचता येतात. एचएमव्हीच्या (हिज मास्टर्स व्हॉइस लेबलच्या) लाँग प्ले तबकड्यांवर क्रमांकाआधी ईसीएलपी अशी अक्षरे असतील तर ध्वनी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे, आणि ईसीएसडी असतील तर स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचा आहे, असे समजावे.

हिज मास्टर्स व्हॉइसखेरीज कोलंबिया, ट्विन, ओडियन, यंग इंडिया अशी नावे दिसली तर त्या तबकड्या विशेष जपाव्यात. यंग इंडिया हे लेबल मुंबईतील कंपनीचे होते, ते १९३० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे चालले आणि त्यावर तुलनेने कमी प्रसिद्ध असलेल्या अनेक कलाकारांना स्थान मिळाले. त्यांतील बरेच संगीत नंतर लाँग प्ले किंवा सीडीवर आलेच नाही.

एक प्रकार मात्र पटकन ओळखता यायला हवा. तबकडी काळी आणि चकचकीत आहे, लेबलवर छपाईऐवजी हस्ताक्षर किंवा टंकलेखन आहे, आणि मधल्या छिद्राच्या कडेला धातू दिसतो आहे, अशी वस्तू हाती आली तर ती लॅकरचा थर दिलेली ॲल्युमिनियमची तबकडी आहे. ती कारखान्यात छापलेली नसून थेट ध्वनी कोरून बनवलेली असते आणि तिची दुसरी प्रत बहुधा नसते. तिच्यावरचा थर सुकून सोलत जातो. ती धुऊ नये, वाजवू नये, उभी ठेवून ध्वनिसंग्रहातील तज्ज्ञांशी संपर्क साधावा.

धुणे आणि वाजवणे

हे काम दिवाळीनंतर होळीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत करणे चांगले. पावसाळ्यात नाशिकची हवा इतकी दमट असते की धुतलेली तबकडी आणि तिचे कागदी वेष्टन दोन्ही नीट सुकत नाहीत आणि बुरशी धरते.

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा कोणतेही अल्कोहोल लावू नये, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बाजारात मिळणारी रेकॉर्ड साफ करण्याची अनेक द्रावणे व्हिनाइलसाठी असतात आणि त्यांत अल्कोहोल असते, हे बाटलीवर वाचून घ्यावे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, वास नसलेल्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत धूळ काढावी, लेबल कोरडे ठेवावे, लगेच स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरने पुसावे आणि तबकडी सावलीत उभी करून सुकवावी. ती पाण्यात बुडवून ठेवू नये. लाखेत मिसळलेली भर पाणी शोषते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. व्हिनाइलसाठीही हीच पद्धत पुरेशी आहे.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात आणि लाखेच्या तडकतात. लाँग प्ले तबकड्यांसाठी पीव्हीसीच्या मऊ पिशव्या वापरू नयेत, पॉलिथिनच्या वापराव्यात. कसर लागू नये म्हणून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवय अनेक घरांत आहे, पण त्यांच्या वाफेने कॅसेटच्या पारदर्शक डब्यांसारखे प्लास्टिक खराब होते. त्याऐवजी ट्रंक कोरडी आणि हवेशीर जागी ठेवावी.

वाजवण्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: दुर्मिळ वाटणारी तबकडी चावीच्या ग्रामोफोनवर लावू नये. त्या यंत्राच्या डोक्याचे वजन शंभर ग्रॅमपेक्षा जास्त असते आणि पोलादी पिन प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागते, कारण ती झिजून खाच खरवडू लागते. दोन-तीन ग्रॅम भाराचे आधुनिक टर्नटेबल वापरावे आणि त्याला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठीची वेगळी सुई लावावी. लाखेच्या तबकडीच्या रुंद खाचेसाठी सुमारे ७६ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते, तर लाँग प्लेसाठी साधारण १८ ते २५ मायक्रॉनची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते आणि नुसती खरखर ऐकू येते. रुंद सुई लाँग प्लेवर ठेवली तर खाच कायमची खराब होते.

वेग हा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. लेबलवर ७८ छापलेले असले, तरी आरंभीच्या काळातील तबकड्या ७० ते ८० फेऱ्यांच्या दरम्यान कुठल्याही वेगाने मुद्रित झालेल्या असू शकतात. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की आवाज एका अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा कलाकार पांढरी दोनमध्ये गात असल्यासारखा ऐकू येतो. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर जवळजवळ एवढाच फरक पडतो. म्हणून हार्मोनियम जवळ ठेवावा. साथीचा हार्मोनियम ऐकू येत असेल तर त्याचे स्वर आपल्या पट्टीशी जुळतात का हे पाहावे, आणि त्या कलाकाराची नेहमीची पट्टी माहीत असेल तर तिच्याशी ताडून पाहावे. आवाज अनैसर्गिकरीत्या बारीक किंवा ताना अशक्य वाटाव्यात इतक्या वेगवान असतील, तर कलाकाराचे कौतुक करण्याआधी टर्नटेबलचा वेग तपासावा.

कॅसेटी: अनपेक्षित सापडण्याची खरी जागा

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आपल्याकडे १९८० च्या दशकात घरोघर पोचली, आणि तिने पहिल्यांदा सामान्य कुटुंबाच्या हाती ध्वनिमुद्रणाचे साधन दिले. बारशाचे पाळणे, आजीच्या ओव्या, हरितालिकेच्या जागरणातील गाणी, भजनी मंडळाचा सराव, आखातात गेलेल्या मुलासाठी आईवडिलांनी बोलून पाठवलेले पत्र, आकाशवाणीवरून रात्री उशिरा उतरवून घेतलेली मैफल, असे सर्व काही कॅसेटवर असू शकते. शिवाय दुकानात यादी देऊन आवडीची गाणी भरून घेण्याची पद्धत होती. अशा कॅसेटसोबतची हस्तलिखित यादी ही त्या माणसाच्या आवडीनिवडीची नोंद असते.

येथे चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. पहिले ठिकाण म्हणजे छापील कॅसेटचा शेवट. विकत घेतलेल्या भक्तिगीतांच्या कॅसेटच्या बाजूला शेवटी काही मिनिटे फीत रिकामी राही आणि घरातल्या मुलांना ती मोकळी जागा फार आवडत असे. दुसरे, वरच्या कडेची प्लास्टिकची लहान कळ, जी शाबूत असेल तरच कॅसेटवर मुद्रण करता येते. छापील कॅसेटमध्ये ती मोडलेली असते. तिथे कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी दिसली, तर कोणीतरी त्या कॅसेटवर स्वतःचे काही मुद्रित केले आहे, असे जवळजवळ निश्चित म्हणता येते. तिसरे, जुन्या मुद्रणावर नवे मुद्रण जिथे संपते ती जागा, कारण तिथून पुढे आधीचे मुद्रण पुन्हा सुरू होते. चौथे, दुसरी बाजू, जी वर्षानुवर्षे कोणी उलटलेलीच नसते. सारांश इतकाच की प्रत्येक कॅसेट दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत ऐकावी आणि मध्ये शांतता आली म्हणून थांबू नये.

वाजवण्यापूर्वीची तपासणी पुढील क्रमाने करावी. फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वेगळी ठेवावी, नाकातोंडाला मास्क लावल्याशिवाय हाताळू नये आणि चांगल्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवण्याच्या यंत्रात, घालू नये, कारण बुरशीचे कण यंत्राच्या हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात. नंतर मधल्या खाचेत फितीमागे असलेली लहान गादी जागेवर आहे का ते पाहावे. ती गळून पडलेली असेल तर आवाज दबलेला येतो, आणि माणसे मुद्रणच खराब आहे असे समजून कॅसेट फेकतात. पाच स्क्रूंची कॅसेट उघडून गादी बदलता येते. चिकटवलेल्या कवचाची असेल तर कडेने सावकाश उकलून फितीच्या दोन्ही चकत्या स्क्रूच्या रिकाम्या कवचात बसवाव्यात. तुटलेली फीत साध्या सेलोटेपने कधीही जोडू नये. त्याचा चिकट द्रव शेजारच्या थरांना लागतो. त्यासाठी जोडफितीची खास पट्टी मिळते.

यानंतर कॅसेट पुढे एकदा आणि मागे एकदा सावकाश फिरवावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले थर मोकळे होतात. साठ मिनिटांच्या कॅसेटची फीत सुमारे १८ मायक्रॉन जाड असते, नव्वद मिनिटांची १२ आणि एकशे वीस मिनिटांची अवघी ९. शेवटच्या प्रकारची फीत ताणते आणि गुंतते, म्हणून ती वेगाने मागेपुढे करू नये. प्रत्येक दोन-तीन कॅसेटींनंतर डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर घेऊन पुसावे.

आणखी एक समायोजन आहे, जे केल्यावर ऐकणाऱ्याला कॅसेट बदलल्यासारखी वाटते. प्रत्येक टेप रेकॉर्डरच्या हेडचा कोन किंचित वेगळा असतो आणि मुद्रण ज्या कोनात झाले, त्याच कोनात वाजवले तर सूक्ष्म, तार स्वर ऐकू येतात. डेकच्या हेडशेजारी एक लहान स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना तो अगदी थोडा फिरवून टाळांचा किणकिणाट किंवा तंबोऱ्याची जव्हारी सर्वांत स्पष्ट कुठे येते ते शोधावे. घरगुती मुद्रणांसाठी प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा करावे लागते, परंतु दबलेल्या आवाजातले शब्द कळू लागतात तेव्हा त्या कष्टाचे चीज होते.

गोदावरीच्या सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ मधील पुरांत सराफ बाजार आणि नदीकाठच्या वस्तीतील अनेक घरांत पाणी शिरले होते. त्या पाण्यात भिजून सुकलेल्या कॅसेटमध्ये गाळाचे बारीक कण असतात आणि चकती फिरवताच ते फितीवरचा लेप ओरबाडतात. अशी कॅसेट फिरवून पाहू नये. ती व्यावसायिक दुरुस्तीसाठीच द्यावी. पुन्हा कधी कॅसेट पुराच्या पाण्यात भिजलीच, तर गाळ सुकू न देता स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावी. हेअर ड्रायर किंवा ऊन वापरू नये.

स्पूलच्या फिती मिळाल्या तर प्रथम वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ॲसिटेटची फीत कुजू लागली आहे. ती तत्काळ इतर फितींपासून दूर ठेवावी आणि तिचे काम सर्वांत आधी करून घ्यावे. स्पूल वाजवण्यासाठी नीट चालणारे यंत्र घरी असण्याचा संभव कमी आहे, आणि बाजारातून आणलेले जुने यंत्र दुरुस्त न करता त्यावर एकमेव फीत लावणे मला तरी योग्य वाटत नाही.

संगणकावर उतरवून घेणे

पहिल्यांदा वाजवतानाच मुद्रण संगणकावर घ्यावे, ही सवय सुरुवातीपासून ठेवावी. जीर्ण फीत दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते. डेक किंवा टर्नटेबलच्या प्रीॲम्पमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसद्वारे संगणकात आवाज घ्यावा आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे. नमुनादर (सॅम्पल रेट) ९६ किलोहर्ट्झ आणि खोली (बिट डेप्थ) २४ बिट ठेवावी. त्या दराने स्टिरिओ मुद्रणाच्या एका तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. जागेची अडचण असेल तर ४८ किलोहर्ट्झ चालेल, तेव्हा जागा निम्मी लागते. सर्वांत मोठा आवाजही पातळीच्या कमाल मर्यादेखाली सहा ते दहा डेसिबल राहील अशी व्यवस्था करावी. मुद्रण वेव्ह स्वरूपात जतन करावे. फ्लॅक स्वरूपात बदलल्यास ध्वनीची हानी न होता जागा वाचते. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवण्यासाठी ठीक आहे, जतनासाठी नाही.

लाखेच्या तबकड्या मोनो असल्या तरी त्या दोन्ही वाहिन्यांत मुद्रित कराव्यात. त्यांतील संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असते, तर खरखरीचा मोठा भाग उभ्या हालचालीत असतो. नंतर दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की खरखर बरीच कमी होते. याउपर आवाज स्वच्छ करण्याचा मोह आवरावा. खरखर काढणारी साधने तंबोऱ्याचा झंकार आणि गायकाचा श्वासही काढून टाकतात. मूळ मुद्रणाला हात न लावता ते वेगळे ठेवावे आणि जे काही सुधारायचे ते प्रतीवर सुधारावे. फाइलच्या नावात वहीतील क्रमांक असावा. वाजवताना वापरलेले यंत्र, सुई आणि वेग यांचीही नोंद त्याच वहीत करावी. मुद्रणाच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक शहराबाहेरील नातेवाइकाकडे असावी.

आवाज कोणाचा, हे कसे ठरवावे

सापडलेले मुद्रण अनामिक असेल तर खरा शोध येथे सुरू होतो, आणि येथेच सर्वांत जास्त घाई केली जाते. एखाद्या मैफलीचा आवाज ऐकून कोणीतरी मोठे नाव घेते, ते नाव कॅसेटवर लिहिले जाते आणि पुढच्या पिढीसाठी तेच सत्य ठरते. म्हणून नाव सुचवण्याआधी मुद्रणातून जे निर्विवाद कळते ते लिहावे: राग, ताल, बंदिशीचे शब्द, गायकाची पट्टी, साथीची वाद्ये, निवेदन असल्यास त्याचा शब्दशः मजकूर. नंतर एक-दोन मिनिटांचा भाग जाणकारांना एकेकटे ऐकवावा आणि आपला अंदाज त्यांना सांगू नये. दोघांनी स्वतंत्रपणे एकच नाव घेतले तर त्याला वजन येते. घरगुती मुद्रणांच्या बाबतीत हे जाणकार म्हणजे आत्या, मावशी, शेजारचे काका असतात. त्यांना ऐकवताना समोर दुसरा रेकॉर्डर चालू ठेवावा, कारण ते ओळख सांगता सांगता त्या प्रसंगाची इतर माहितीही सांगतात.

काळ ठरवताना एक फरक लक्षात ठेवावा. कोऱ्या कॅसेटचा ब्रँड आणि छापील किंमत पाहून ती कधी विकत घेतली असावी हे कळते, त्यावरून मैफल कधी झाली हे ठरत नाही. कॅसेटवर त्याहून जुन्या स्पूलची नक्कल असू शकते. नक्कल असल्याच्या खुणा ऐकू येतात: मुद्रण सुरू होण्याआधी दुसऱ्या यंत्राची कळ दाबल्याचा आवाज, एकावर एक चढलेली दोन प्रकारची फीतखरखर, मध्येच स्पूल बदलल्याने तुटलेला आलाप. विजेवर चालणाऱ्या यंत्राची गुणगुण आणखी एक गोष्ट सांगते. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने मुद्रणात उतरलेली गुणगुण ५० किंवा तिच्या पटीत असायला हवी. ऑडॅसिटीच्या वर्णपट आलेखात ती ५२ च्या आसपास दिसली, तर फीत सुमारे चार टक्के जास्त वेगाने वाजते आहे. आपल्या स्वतःच्या डेकची गुणगुण मात्र नेहमी ५० लाच दिसते. तिची गल्लत होऊ नये म्हणून फीत थांबवून एकदा नुसत्या डेकचा आवाज पाहून घ्यावा. सेलवर चालवलेल्या रेकॉर्डरच्या मुद्रणात ही खूण मिळत नाही.

पार्श्वभूमीचे आवाजही वाया जाऊ देऊ नयेत. देवळातील आरती, सायकलची घंटी, रेडिओवरच्या बातम्या, कार्यक्रमात घेतलेले एखाद्या पाहुण्याचे नाव यांवरून स्थळ आणि वर्ष यांची कक्षा लहान होत जाते. वहीत निष्कर्षापुढे 'निश्चित', 'संभाव्य' किंवा 'ऐकीव' यांपैकी एक शब्द अवश्य लिहावा आणि तो निष्कर्ष कशावरून काढला तेही लिहावे.

सीडी, मेमरी कार्ड आणि जुन्या हार्ड डिस्क

अलीकडच्या वस्तूंची स्थिती तबकड्यांपेक्षा वाईट असू शकते. लाखेची तबकडी नीट ठेवली तर शंभर वर्षांनंतरही वाजते, परंतु घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर फिकट होत जातो. तिची माहिती आजच संगणकावर उतरवून घ्यावी. मोबाइलच्या दुकानातून गाणी भरून घेतलेली मेमरी कार्डेही तपासावीत, कारण त्या गाण्यांच्या शेजारीच लग्नातले, गणपतीतले ध्वनिमुद्रण पडून असते. फाइलचे नाव निरर्थक असेल तर कालावधीवरून वर्गवारी करावी: तीन ते सहा मिनिटांच्या फाइली बहुधा गाणी असतात, त्याहून फार लहान किंवा फार मोठ्या फाइली आधी ऐकाव्यात.

हक्क आणि पुढील व्यवस्था

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गीत आणि संगीतरचना यांवरील हक्क मात्र त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो. जुनी तबकडी मुक्त झाली म्हणजे तिच्यातील गीतही मुक्त झाले असे नव्हे. स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत करून ठेवणे आणि ती सर्वांसाठी प्रसारित करणे यांत फरक करावा. खासगी मैफलीत किंवा घरात मुद्रित झालेला आवाज प्रसारित करण्यापूर्वी त्या कलाकाराच्या अथवा माणसाच्या कुटुंबाची परवानगी घ्यावी. ध्वनिपत्रांत घरातल्या खासगी गोष्टी असतात, त्यामुळे ती आधी एकाच जबाबदार व्यक्तीने ऐकावीत.

सांभाळणे शक्य नसेल तर संग्रह सुटा सुटा न विकता वहीसह एकत्र द्यावा. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या जाणकारांचे मार्गदर्शन घेता येईल. लोकसंगीत, कीर्तन, ओव्या यांची क्षेत्रीय किंवा घरगुती मुद्रणे असतील तर अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे गुरुग्राम येथील वांशिक संगीतशास्त्राचे संग्रहालय हे अशाच मुद्रणांच्या जतनाचे काम करते. कोणत्याही संस्थेला मूळ वस्तू देण्यापूर्वी पत्रव्यवहार करून वहीची प्रत पाठवावी, डिजिटल प्रत कुटुंबाकडे राहील आणि मुद्रण कोणाला ऐकता येईल याच्या अटी लेखी करून घ्याव्यात, आणि वस्तू रेल्वेने किंवा कुरिअरने न पाठवता शक्यतो स्वतः नेऊन द्याव्यात. लाखेच्या तबकड्या नेताना त्या उभ्या, प्रत्येकीमध्ये पुठ्ठा घालून, घट्ट बसणाऱ्या लहान खोक्यात भराव्यात.